पायीच चालायचं, तर पैसे कामून?

आमच्या तेलगावच्या चौफुल्यावर उभं राहिलं की चार वाटा फुटतात. एक माजलगावला जाते, एक वडवणीवरून बीडला, एक सिरसाळ्यावरून परळीला आणि एक घाट चढून धारूरला. यातली एकही हिमालयाकडे जात नाही. तरी दर उन्हाळ्यात इथून दोन-चार पोरं हिमालयात जातात. पूर्वीही जायची. पूर्वी कुणी गेलं की गावाला महिनाभर विषय पुरायचा. आता स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं आणि विषयही तेवढ्यातच संपतो.

आमची पिढी म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात जिच्या पायाला भिंगरी लागली ती. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी, एसटीच्या टपावर सामान बांधणारी, आणि बर्फ म्हणजे बाजारच्या दिवशी गोळेवाल्याकडे लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी असं समजणारी. ही पिढी आता साठीच्या आसपास आली आहे आणि संध्याकाळी चौफुल्यावर चहा घेत आमच्या वेळच्या हिमालयाबद्दल बोलते. ऐकणाऱ्यानं थोडं हातचं राखून ऐकावं. आठवणीतल्या चढावर कुणाचेच गुडघे दुखत नाहीत.

आमच्या वेळी पहिला चढ घरातच लागायचा, तो म्हणजे परवानगीचा. आमचा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळी झाली की निम्मी गावं बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून कारखान्यांच्या वाटेला लागतात. पोटासाठी चालणं इथं सगळ्यांना ठाऊक. पण हौसेनं चालायचं, ओझं पाठीवर घेऊन चालायचं, आणि वर त्यासाठी पैसे भरायचे, हे काही केल्या आजीच्या गळी उतरत नसे. ‘पायीच चालायचंय, तर पैसे कामून भरायलास रे?’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर अजूनही नाही.

मग बद्री-केदार धावून यायचे. ट्रेकचा रस्ता बद्रीनाथाला लांबून जरी हात लावत असला, तरी घरी सांगताना ती यात्रा व्हायची. आजीचा विरोध तिथं मावळायचा, कारण तिच्या लहानपणी बद्री-केदारला निघालेल्या म्हाताऱ्यांना पोचवायला सगळं गाव वेशीपर्यंत जायचं आणि निरोप असा द्यायचं, की माणूस परत येण्याची खात्री कुणीच धरत नसे. परत आला, तर मावंदं. गंगेचा गडू देवघरात ठेवायचा, पूजा करायची, सोयऱ्याधायऱ्यांना जेवायला बोलवायचं आणि मगच तो गडू फोडायचा. आजीची अट एवढीच असायची की गंगा आणायची. त्यामुळे आमच्यातल्या कित्येकांनी हिमालयात पाऊल ठेवलं ते गिर्यारोहक म्हणून नव्हे, तर पाणक्या म्हणून.

आता पोरं विचारत नाहीत, सांगतात. आणि आईसुद्धा ‘देवदर्शन होईल का’ म्हणत नाही. ती फोनवर त्या ट्रेक कंपनीला किती तारे मिळालेत ते बघते, शेवटचा अपघात कधी झाला ते शोधते आणि मग ‘विमा काढलाय का’ म्हणून विचारते. हे शहाणपणाचं आहे, यात वाद नाही. आमच्या आयांना विमा माहीत नव्हता. त्यांनी मारुतीला नारळ बोलून ठेवलेला असायचा. नारळाचा हप्ता स्वस्त होता, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

नाव नोंदवणं हासुद्धा एक प्रवासच होता. आमच्या खिशाला परवडणारा हिमालय म्हणजे यूथ हॉस्टेलचा. दिल्लीच्या पत्त्यावर फॉर्म मागवायचा, तो आला की माजलगावला जाऊन बँकेत डीडी काढायचा, पासपोर्ट फोटो चिकटवायचा आणि डॉक्टरांकडून तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला घ्यायचा. डॉक्टर छातीला नळी लावत, दोन्ही डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघत, आणि सही करता करता म्हणत, ‘तिकडं कामून मरायला?’ दाखल्यावर मात्र ‘फिट’ असंच लिहीत. मग पोस्टमनची वाट. होकाराचं कार्ड आलं की ते खिशात घालून दिवसभर गावात हिंडायचं, उगाच कुणाकुणाला भेटायचं.

आता हे सगळं चहा संपायच्या आत होतं. बोटानं तारीख निवडायची, बोटानं पैसे पाठवायचे, बोटानं तिकीट काढायचं. तयारी मात्र आताच्या पोरांची आमच्यापेक्षा दहापट चांगली. काही कंपन्या म्हणतात, पाच किलोमीटर इतक्या मिनिटांत पळून दाखवा आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, नाहीतर येऊ नका. पहाटे पाचला धारूर रस्त्यावर पळणारी मुलं-मुली दिसतात. त्यातली निम्मी पोलिस भरतीची आणि एखाद-दुसरं हिमालयाचं. आमची तयारी म्हणजे एका रविवारी धारूरचा घाट चालत चढायचा, किल्ल्यात जाऊन डबा खायचा आणि येताना एसटीनं यायचं. एवढ्यावर आम्ही तेरा-चौदा हजार फुटांच्या खिंडीला हात घालायचो.

कपड्यांची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. एप्रिलचा शेवट. पारा बेचाळिसाच्या पुढं. बीडच्या बाजारात दुकानदार टेबलफॅनसमोर बनियनवर बसलेला, आणि आम्ही त्याला विचारणार, ‘स्वेटर आहे का?’ तो आधी आमच्याकडे बघायचा, मग बाहेरच्या उन्हाकडे. नोकर शिडी लावून माळ्यावर चढायचा आणि जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं खाली टाकायचा. गाठ सोडली की डांबरगोळ्यांचा वास दुकानभर पसरायचा. लाल, मरून, पोपटी; कोपरावर कसर लागलेले, एकाची बाही दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब. त्या उकाड्यात स्वेटर अंगात घालून आरशासमोर उभं राहायचं, घामाचा ओघळ मानेवरून पाठीवर जायचा आणि दुकानदार म्हणायचा, ‘बसला की बरोबर!’ बाकीचं सामान उसनं. कुणाच्या भावाचे एनसीसीचे बूट, कुणाच्या मामाची मिलिटरीची बाटली, शाळेच्या शिपायाची बॅटरी. बूट एक नंबर मोठे असले तर पुढं कापूस भरायचा. परत आल्यावर सामान ज्याचं त्याला परत करायचं, आणि ते परत करताना त्या प्रत्येकाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. उसन्या बुटाच्या मालकाचा त्या गोष्टीवर हक्क असे.

आता खोकी घरपोच येतात. आतला थर, मधला थर, बाहेरचा थर. पाऊस आत न येऊ देणारं आणि घाम बाहेर जाऊ देणारं जॅकेट. घडीच्या दोन काठ्या, बर्फात बुटांखाली बांधायचे दात. कुणाचंच काही उसनं नाही. कापूस भरलेल्या बुटांनी आमच्या टाचांची जी सालं काढली, ती आठवली की वाटतं, हे सगळं तीस वर्षं आधी का नाही आलं? आणि तरी एक सल आहेच. त्या पोरांच्या पाठीवर गावातलं कुणाचंच काही जात नाही. आमच्या पाठीवर निम्मी गल्ली असायची.

प्रवास तेव्हा लांबलचक. आमच्या भागातली रेल्वे बराच काळ मीटर गेजची. मग एसटीनं नगर गाठायचं आणि झेलम एक्स्प्रेस पकडायची, असा रस्ता होता. पुढं ब्रॉडगेज झालं, सचखंड सुरू झाली, मग परभणीहून थेट दिल्ली. सचखंडमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, हे आमच्यासारख्यांना कळायला वेळ लागला नाही. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी ही शिदोरी त्यामुळे दिल्लीच्या पुढंही पुरायची. जनरलच्या डब्यात दाराशी, पाय बाहेर सोडून, भुसावळच्या केळीच्या बागा मागं जाताना बघायच्या. मग दिल्लीचा आंतरराज्य बसअड्डा, हिमाचलची खडखडणारी बस, आणि मंडीच्या पुढं ब्यास नदी शेजारून पळायला लागली की गाडीतली मराठी बडबड एकदम थांबायची. आम्ही सिंदफणेच्या काठचे. मे महिन्यात दोन्ही थडी भरून, पांढरीफटक, आवाज करत वाहणारी नदी बघून आमच्यातला एक जण म्हणाला होता, ‘एवढं पाणी वाया चाल्लंय!’

आता पुण्याहून नाहीतर संभाजीनगरहून विमान, दिल्लीतून रात्रीची व्हॉल्वो आणि सकाळी पायथा. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडमध्येही रेल्वे आली. ती गाडी बघायला स्टेशनवर जत्रा लोटली होती. तिथून पुढं परळीपर्यंतचं काम पुरं झालं की आमच्या या पट्ट्यातूनही रूळ जातील. ज्यांनी या रेल्वेच्या मागणीसाठी घोषणा दिल्या, त्यांतले बरेच आता प्रवास करायच्या वयाचे राहिले नाहीत. झेलमच्या दारात पाय सोडून बसण्यात जी मौज होती ती खरी. पण तिकिटाविना उभं राहून, संडासाच्या दारात पेपर अंथरून झोपलेलो, तेही खरंच. मौजेच्या आठवणीत संडास येत नाही.

आता कॅम्पकडे येतो, कारण आमचा जीव अडकलाय तो तिथं.

पार्वतीच्या खोऱ्यात, कसोलला, नदीच्या काठावर तंबूंच्या रांगा. सर पासचा बेस कॅम्प. आल्या आल्या घरची बॅग जमा करायची आणि त्यांची सॅक घ्यायची. ताट, मग, चमचा स्वतःचा. तो मग सॅकला बाहेरून लटकवलेला आणि चालताना त्याचा टणटण आवाज. चाळीस-पन्नास जणांची तुकडी चालायला लागली की गुरांचा कळप घरी परतल्यासारखं वाटायचं. पहाटे सहाला कुणीतरी ‘चाय, चाय’ ओरडत तंबूंमधून फिरायचं. पहिले दोन-तीन दिवस सराव, दोरावरून उतरणं, खडक चढणं. मग तुमच्या तुकडीचा निघायचा दिवस. मागं राहिलेल्या तुकड्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहायच्या आणि टाळ्या वाजवत निरोप द्यायच्या. अनोळखी माणसं. गुजराती, बंगाली, केरळी, कानडी. कुणाचं नाव माहीत नाही, परत कधी भेट नाही. आणि ती टाळ्या वाजवतायत, तुम्ही नुसते चालायला निघालात म्हणून. शाळेत कधी बक्षीस न मिळालेली आमच्यातली पोरं त्या टाळ्यांच्या रांगेतून जाताना मान खाली घालून गेली. कौतुक घ्यायची सवय नव्हती.

वरच्या मुक्कामांवर एका तंबूत दहा-बारा जण, डोक्याला डोकं लावून. रात्री शेकोटीचा कार्यक्रम. प्रत्येकानं काहीतरी म्हणायचंच. बंगाल्यांची गाणी सुरेल, गुजरात्यांचा गरबा ठरलेला. आमची पाळी आली की आम्ही ताटं वाजवून ‘ज्ञानबा-तुकाराम’ सुरू करायचो आणि पावली धरायचो. बारा हजार फुटांवर पावली धरली की दुसऱ्या फेरीला धाप लागते, हे वारकऱ्याच्या पोरांना तिथं कळलं. मग बोर्नव्हिटाचा एकेक मग. तो पिऊन झोपायचं आणि सकाळी त्याच मगात गोठलेलं पाणी बघायचं. सर पासच्या पलीकडची उतरंड तर बसूनच. बर्फावर बूड टेकवायचं आणि द्यायचं सोडून. पँटी फाटायच्या. उतरून आल्यावर आपापल्या फाटक्या बुडाकडे बघत सगळी तुकडी हसायची.

हे सगळं आजही आहे, पण बाजूला आणखी बरंच उभं राहिलंय. खासगी कंपन्यांच्या मुक्कामांवर दोघांना एक तंबू, चार वाजता पॉपकॉर्न, सहाला सूप, जेवणानंतर गुलाबजाम. कसोलला तर आता कॅफेंची अशी गर्दी झालीय की कॅम्प शोधावा लागतो. कंपनीचा लीडर विशीतला, पण शिकून आलेला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून नाहीतर दार्जिलिंगच्या संस्थेतून कोर्स केलेला. संध्याकाळी तो प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघतो आणि वहीत आकडा लिहितो. मग सगळे आपापल्या तंबूत शिरतात. दोघांच्या तंबूत घोरणं कमी ऐकू येतं, पाय कुणाच्या पोटात जात नाहीत, झोप चांगली लागते. बारा जणांच्या तंबूत झोप लागायची नाही, म्हणून तर बोलणं व्हायचं.

त्या बोटाच्या चिमट्याबद्दल मात्र थट्टा नको. तेरा-चौदा हजार फुटांवर दर श्वासात समुद्रकाठाच्या मानानं साधारण साठ टक्केच प्राणवायू मिळतो. आमच्यातल्या कुणाचं डोकं फुटायला लागलं, उलटी झाली, की उपाय ठरलेले: लसूण खा, कांदा हुंग, कापूर जवळ ठेव, आणि ‘मराठी माणूस आहेस, हिंमत धर.’ उंचीमुळे फुप्फुसात पाणी साचतं, अशा वेळी हिंमत धरायची नसते, खाली उतरायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर आम्ही ऐकलं असतं असंही नाही. आम्ही परत आलो ते मोठे काटक होतो म्हणून, असं चौफुल्यावर सांगतो. निव्वळ नशीब होतं.

आणि आम्ही डोंगर निर्मळ ठेवला होता, हाही एक गोड गैरसमज. शेकोटीची लाकडं कुठून यायची? वरच्या उंचीवर वीतभर वाढायला वर्षं घेणारी झुडपं तोडून. गोमुखाच्या वाटेवर भोजबासा नावाचं ठिकाण आहे. नाव भोजवृक्षांवरून, आणि तिथं भोजवृक्ष शोधावे लागतात. चहाच्या टपऱ्यांनी, आश्रमांनी, आमच्यासारख्या पाहुण्यांनी ते जाळले. वर जो उरला त्याची साल सोलून आम्ही घरी आणली, ‘ऋषिमुनी यावर लिहायचे’ म्हणून सांगत पाहुण्यांना वाटली. त्याच काळात डॉ. हर्षवंती बिष्ट नावाच्या गिर्यारोहक बाई तिथं भोजाची रोपं लावत होत्या. पुढं याच बाई भारतीय गिर्यारोहण महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आता गोमुखाला दिवसाला मोजक्याच माणसांना परवाना मिळतो. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे त्या उंचीवरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडची वाट त्यात बंद झाली. आम्ही हळहळलो. पण त्या वाटेवरच्या बेदिनीच्या कुरणावर तंबूंची गावं वसवणाऱ्यांना गवताबद्दल हळहळायचा हक्क किती, हा प्रश्नच आहे. आताची मुलं कमरेला पिशवी बांधून चालतात आणि आधीच्यांनी टाकलेली वेष्टनं उचलत जातात. त्यांत आमच्या वेळची ग्लुकोज बिस्किटांची पुडकीही सापडत असतील.

याहून मोठी गोष्ट मुलींची. आमच्या तुकड्यांत पुण्या-मुंबईच्या मुली असायच्या, बंगालच्या असायच्या. तेलगाव-धारूरकडची एकही नसायची. बहिणींनी फोटो बघितले, स्वेटरला नावं ठेवली, आणि गंगेचा गडू देवघरात ठेवला. त्यांना विचारायचं आमच्या मनातही आलं नाही. आता याच भागातली मुलगी एकटी दिल्लीला जाते, अनोळखी तुकडीत मिसळते आणि खिंड ओलांडून परत येते. संभाजीनगरच्या पोलिस दलातले रफीक शेख २०१६ साली एव्हरेस्टवर पोचले तेव्हा मराठवाडाभर बातमी झाली. त्याच्या अठरा वर्षं आधी, १९९८ मध्ये, पुण्याचे सुरेंद्र चव्हाण चढले तेव्हा आम्ही ते वर्तमानपत्राचं कात्रण कापून ठेवलं होतं. पण आमच्यासारख्या घरांतल्या मुलीनं ट्रेकचा फॉर्म भरणं ही आमच्या हिशेबी एव्हरेस्टपेक्षा लहान घटना नव्हे. जुने दिवस परत आले तर ते तिला घरी बसवूनच येतील. मग ते यावेत असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

एक मात्र तेव्हाही तसंच होतं आणि आताही तसंच आहे. आमच्यासाठी शिधा, तंबू, रॉकेल घेऊन वर चढणारे हमाल. कपाळावर पट्टा, पाठीवर आमच्या दुप्पट ओझं, पायात कधी रबरी बूट तर कधी साध्या चपला. ते आम्हाला मागं टाकून जायचे. त्यांची मान बघितली की मला गावाकडचा ट्रक आठवायचा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा माणूस, मानेच्या दोन्ही शिरा दोरासारख्या ताठ, पायाखाली फळी लवतेय आणि नजर कुठंच नाही. तीच मान. आम्ही ओझं उचलायचे पैसे भरून आलेलो आणि तो ओझं उचलायचे पैसे घेऊन. आमच्यातल्या एकाचे वडील ऊसतोडीला जायचे. तो त्या दिवशी मुक्कामाला पोचेपर्यंत फारसं बोलला नाही, आणि रात्री पावली धरायलाही आला नाही. आता सॅकसुद्धा खेचरावर द्यायची सोय आहे. नाव नोंदवतानाच पर्यायावर खूण करायची.

आणि मग ते पंधरा-वीस दिवस. ज्यांत आम्ही कुणालाच सापडायचो नाही.

निघताना घरी सांगायचं, ‘पोचल्यावर पत्र टाकतो.’ पत्र टाकायचोही. पायथ्याच्या पोस्टात निळं आंतरदेशीय, त्यावर ‘मी येथे खुशाल आहे’. ते पत्र आमच्यानंतर घरी पोचायचं, आणि आम्हीच ते पोस्टमनकडून घ्यायचो. पुढं एसटीडीचे पिवळे बूथ आले, पण तेही पायथ्यालाच. वर गेलं की संपलं. कुणाची परीक्षा लागली, कुणाची म्हैस मेली, कुणाचं लग्न मोडलं, काही कळायचं नाही. डोक्यातला सगळा गलबला दोन दिवसांत बसायचा, गढूळ पाण्यातली माती तळाशी बसावी तसा. चौफुल्यावर आम्ही ज्याची आठवण काढून सुस्कारा टाकतो, तो हिमालय बहुतेक हाच. डोंगर आजही तिथंच आहेत. कुणालाही न सापडण्याची सोय तेवढी गेली.

पण ही सोय आमची होती. घरच्यांची तीच गैरसोय. आमच्यातल्या एकाचे आजोबा तो वर असताना गेले. तो घरी आला तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. आयांना त्या दिवसांत झोप लागत नसे, हे आम्हाला आमची मुलं बाहेर पडायला लागल्यावर कळलं. आता मुलगा खिंडीच्या अलीकडून व्हिडिओ कॉल करतो. मागं पांढरं शिखर, पुढं त्याचं लाल नाक. आई म्हणते, ‘कानाला बांध काहीतरी,’ आणि तो बांधतो. आम्हाला हे बघून जरा हसू येतं आणि जास्त करून हेवा वाटतो. कुणाचा, मुलाचा की आईचा, हे ठरत नाही.

फोन आला म्हणून डोंगर माणसाळला असंही नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथला प्रलय झाला तेव्हा यात्रेकरूंच्या खिशात मोबाइल होते. रामबाडा नावाचं मुक्कामाचं ठिकाणच वाहून गेलं आणि महाराष्ट्रातली घरंच्या घरं दिवसचे दिवस टीव्हीसमोर बसून नावांच्या याद्या बघत राहिली. जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या गटाला वादळानं गाठलं. नऊ जण गेले. सामान, अनुभव, वाटाडे, सगळं असून. ऑगस्ट २०२५ मध्ये गंगोत्रीच्या रस्त्यावरचं धराली गाळाखाली गेलं आणि पुन्हा तेच: फोन लावायचा, लागायचा नाही, परत लावायचा. आमच्या वेळी फोन नव्हताच, त्यामुळे न लागण्याची भीतीही नव्हती. आता एक दिवस आवाज आला नाही की घर कोसळतं.

फोटोंचं थोडक्यात सांगतो, नाहीतर आमच्यासारखे लोक त्यावर तासभर बोलतात. एक रोल, छत्तीस फोटो, सगळ्यांत मिळून एक कॅमेरा. शिखर दिसलं की आधी वाद, आत्ता काढायचा की पुढं अजून चांगलं दिसेल. रोल बीडला धुवायला द्यायचा आणि आठवड्यानं कळायचं, की निम्म्यांत प्रकाश शिरलाय आणि एकात कुणाचा तरी अंगठा आलाय. उरलेल्या फोटोंचा अल्बम गावभर फिरायचा. परत यायचा तेव्हा दोन-तीन जागा रिकाम्या असायच्या. आता पोरं एका दुपारी चारशे फोटो काढतात, सगळे सुरेख, शिखरावर तिरंगा आणि भगवा दोन्ही धरून. नंतर कुणी विचारलं तर त्यांना तो फोटो सापडत नाही.

परत आल्यावर आमचं मावंदं व्हायचं. यात्रेच्या नावाखाली ट्रेक झाला असल्यामुळे ते टळायचं नाही. आजी गडूची पूजा करायची, पुरणाचा स्वयंपाक व्हायचा, सोललेल्या नाकांची आम्ही पोरं पाटावर बसायचो आणि वयानं मोठी माणसं आमच्या पायाला हात लावायला यायची. लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. ज्या पायांनी बर्फावर बूड घासत, हिंदी सिनेमाची गाणी म्हणत आम्ही उतरलो होतो, त्या पायांत तीर्थाचं पुण्य आहे असं त्यांना वाटायचं. कुणी त्यांचा समज मोडला नाही. कोपऱ्यावरचे टेलरकाका तर नमस्कार झाला की हळूच विचारायचे, ‘आणि बर्फ हातात धरला की पोळतो म्हणतात, ते खरं का?’ मग त्यांना सगळं सांगायचं. ते ऐकायचे, परत विचारायचे, दुसऱ्या दिवशी आणखी कुणाला तरी घेऊन यायचे.

आताच्या पोरांना कुणी काही विचारत नाही. विचारायचं राहिलेलंच नसतं. तुकड्यातुकड्यांनी सगळं आधीच दिसलेलं असतं. मुलगा व्हॉल्वोतून उतरतो, दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून कामाला बसतो. आई जेवायला पुरणपोळी करते, पण ती त्याला आवडते म्हणून.

सध्या चौफुल्यावर रोपवेची चर्चा आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. खर्च चार हजार कोटींच्या वर, आणि आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांत. आमचा याला कडाडून विरोध आहे. डोंगराला एवढी गर्दी झेपणार नाही, घोडेवाल्या-डोलीवाल्यांनी खायचं काय, आणि पायी चढल्याशिवाय केदार पावतो का, असे तिन्ही मुद्दे आम्ही चहाच्या दोन फेऱ्यांमध्ये मांडले. सगळ्यांचं एकमत झालं. मग आमच्यातला एक जण, ज्याचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय, म्हणाला, ‘ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सवलत राहील का हो?’ यावर कुणीच काही बोललं नाही. पोरांपैकी एकाला फोनवर बघायला सांगितलंय.